चिकटू न देणारे रेणू शोधताना

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पीएचडीला लागले तेव्हा विषय ठरलेला होता. दात किडवणारा स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जिवाणू दातावर चिकटूच नये, यासाठी लहान रेणू शोधायचे. त्याला मारायचं नाही, फक्त बसू द्यायचं नाही. हे काम नव्याने सुरू करणाऱ्या कुणाचे काही महिने वाचावेत म्हणून काय काय झालं ते लिहिते.

मारायचं का नाही, ते आधी सांगते. तोंडात शेकडो जातींचे जिवाणू असतात आणि त्यातले बरेच आपल्या उपयोगाचे असतात. स्ट्रेप्टोकॉकस सँग्विनिस हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतो आणि त्याने म्युटन्सला आळा बसतो. चूळ भरायच्या औषधातलं क्लोरहेक्सिडीन मात्र सगळ्यांनाच मारतं. म्युटन्सचं बळ आहे ते साखरेत. त्याची जीटीएफ-बी, सी आणि डी ही तीन एन्झाइम्स साखर फोडतात आणि ग्लुकोज जोडत जोडत ग्लुकान बनवतात. यातलं न विरघळणारं ग्लुकान वाळलेल्या पाकासारखं दाताला धरून बसतं. त्यात जिवाणू अडकतात. त्यांनी केलेलं आम्ल लाळेने धुऊन जात नाही. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागतं.

जीटीएफ-सीची रचना जपानी संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे २०१७ मध्ये अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठात हुई वू, सदानंदन वेलू आणि सहकाऱ्यांनी ती रचना वापरून ५ लाख रेणू संगणकावर चाळले. त्यातला जी-४३ हा रेणू त्यांनी उंदरांवरच्या चाचणीपर्यंत नेला. तो पेपर वाचून मला वाटलं, वाट आखलेली आहे, आपण फक्त चालायचं.

सुरुवात ९६ वेलच्या, म्हणजे छोट्या खळग्यांच्या, प्लेटने झाली. वेलमध्ये जिवाणू, १ टक्का साखर आणि कंपाऊंड घालायचं. रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं. सकाळी हलक्या हाताने धुऊन क्रिस्टल व्हायोलेटने रंगवायचं. रंग जितका गडद, तितकी बायोफिल्म, म्हणजे चिकटलेला थर, जास्त. पण रीडिंग जुळेचनात. कंपाऊंड नसलेल्या वेलमध्येसुद्धा आज भरपूर थर, तर परवा जेमतेम.

याची दोन कारणं निघाली. प्लेटच्या कडेच्या वेलमधलं पाणी रात्रीत उडत होतं. तिथे नुसतं पाणी भरून ठेवायला लागले आणि चाचणी फक्त आतल्या वेलमध्ये करू लागले. दुसरं कारण सापडायला वेळ लागला. लॅबच्या जुन्या वहीत साखर माध्यमातच घालून ऑटोक्लेव्ह करायची पद्धत लिहिलेली होती. त्या उष्णतेत थोडी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. त्यांच्यापासून जीटीएफला ग्लुकान करता येत नाही. आता मी साखरेचं पाणी वेगळं गाळून घेते आणि शेवटी मिसळते. त्यानंतर रीडिंग स्थिरावली.

मग पहिला हिट, म्हणजे थर होऊ न देणारा रेणू, मिळाला. वेल जवळजवळ स्वच्छ दिसत होत्या. त्या रात्री मी आईला फोन करून सांगूनही टाकलं. दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या एका सीनियर दादाने विचारलं, "अगं, वरच्या पाण्याचा पीएच बघितलास का?" मला तोवर कुणी तो बघायला सांगितलं नव्हतं.

ही चाचणी इतकी साधी आहे की ती सगळ्यांनी पहिल्याच दिवशी करावी. धडधाकट म्युटन्स रात्रभरात माध्यमाचा पीएच ५ च्या खाली आणतो. जिवाणू जिवंत असेल आणि फक्त चिकटत नसेल, तर आम्ल व्हायलाच हवं. माझ्या वेलमध्ये पीएच जेमतेम हलला होता. म्हणजे रेणू नुसतं चिकटणं थांबवत नव्हता, जिवाणूंनाच मारत किंवा त्यांची वाढ रोखत होता. क्रिस्टल व्हायोलेट मेलेल्यांनाही रंगवतं आणि ग्लुकानच्या थरालाही, त्यामुळे नुसत्या रंगावरून हे कळत नाही. साखरेच्या माध्यमात जिवाणू गोळे करून तळाशी बसतात, म्हणून गढूळपणावरूनही वाढ नीट मोजता येत नाही. वाढ वेगळ्या प्लेटमध्ये, साखरेऐवजी ग्लुकोज घालून बघावी. आईला परत फोन करायला मला चार दिवस लागले.

पुढचा हिट जास्त फसवा होता. पीएच नीट उतरत होता, वाढही नीट होत होती, एन्झाइमच्या चाचणीतही जीटीएफ थांबत होतं. माझ्या गाइड मॅडम एवढंच म्हणाल्या, "ट्रायटन घालून बघ." ट्रायटन एक्स-१०० हे साबणासारखं द्रव्य ०.०१ टक्का घातलं आणि रेणूचा सगळा परिणाम गेला. काही कंपाऊंडं पाण्यात नीट विरघळत नाहीत. त्यांचे अतिसूक्ष्म गोळे होतात आणि एन्झाइम त्या गोळ्यांना चिकटून निकामी होतं. असा रेणू कुठलंही एन्झाइम थांबवेल, तोंडात त्याचा भरवसा नाही. ट्रायटनची चाचणी एन्झाइमवरच करावी. जिवंत जिवाणूंवर केली तर ट्रायटनचाच परिणाम दिसतो.

हळदीतल्या कर्क्युमिनबद्दल घरचे हमखास विचारतात. कर्क्युमिन म्युटन्सच्या सॉर्टेज-ए या एन्झाइमला अडवतं असं प्रसिद्ध झालेलं आहे. पण ते पाण्यात टिकत नाही आणि नाना चाचण्यांमध्ये खोटे हिट देतं, म्हणून मी ते बाजूला ठेवलं. हळद घरात सगळ्यांच्या जिव्हाळ्याची, त्यामुळे हे सांगताना जरा जड गेलं.

या सगळ्यातून थोडेच रेणू उरले. मग खरी परीक्षा लाळेची होती. दात कधी कोरा नसतो, त्यावर लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा असतो. म्युटन्स आपल्या पी-१ या प्रथिनाने त्या पापुद्र्यालाही धरतो, तिथे साखर लागत नाही. आमचे रेणू जीटीएफला अडवतात, ही पकड त्यांना सुटत नाही. संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी घेऊन लाळ जमवली आणि हायड्रॉक्सिअॅपटाइट या दातातल्या खनिजाच्या चकत्यांवर तिचा थर दिला. प्लास्टिकवर छान चालणारे बहुतेक रेणू इथे फिके पडले. एकाचा परिणाम टिकला, पण त्यालाही प्लास्टिकपेक्षा बरीच जास्त मात्रा लागली. मला ते पुरेसं वाटलं. आता तोच रेणू घालून सँग्विनिस आणि म्युटन्स एकत्र वाढवते आहे, सँग्विनिस तगतो का ते बघायला.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. कंपाऊंड सुरुवातीलाच जास्त मागवा. प्लेटपुरतं थोडंसं घेतलं की चकत्यांची वेळ येईपर्यंत ते संपतं. मग नव्या बॅचवर पीएचपासून सगळं पुन्हा तपासावं लागतं.