सावित्रीकाठची खतावणी

सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्रास मिळते. गेल्या मार्गशीर्षात महाविद्यालयात शिकणाऱ्या नातवासह आंबेनळी घाटाने मी तिच्या सोबतीने खाली उतरलो. पोलादपूरला चहा घेऊन दुपारी महाडच्या बाजारपेठेत एका जुन्या व्यापारी स्नेह्यांच्या दुकानी पोहोचलो.

दुकानाच्या भिंतीवर एक मळकट रेघ आहे. जुलै २०२१ च्या पुराचे पाणी तिथवर चढले होते. हात उंचावूनही नातवाला ती रेघ गाठता आली नाही. त्या २२ जुलैलाच महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. त्या सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला. राज्यातील कित्येक दुष्काळी तालुक्यांत वर्षभरातही एवढा पाऊस पडत नाही.

नातवाने विचारले, “आजोबा, २००५ सालीही जुई आणि दासगावला दरडी कोसळल्या होत्या ना? मग यात हवामानबदल कुठे आला?”

युवा मित्रांनो, प्रश्न रास्त आहे. व्यापारी घरात त्याचे उत्तर सोपे जाते. एका दिवसाचा पाऊस ही रोजमेळातील नोंद होय. हवामान ही निदान तीस वर्षांची खतावणी. एका नोंदीवरून धंद्याचा निष्कर्ष कोणी काढत नाही. तीव्र उतार, ठिसूळ झालेली माती, डोंगरांची तोड आणि भरतीच्या वेळी खाडीत तुंबणारे पाणी ही कारणेही या आपत्तींमागे असतात. तथापि खतावणीच बदलली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० पासून मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत.

याचे कारण असे. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळल्याने कर्बवायू निघतो. त्यातील सुमारे निम्मा समुद्र आणि वनस्पती शोषून घेतात. उरलेली शिल्लक दरसाल पुढे ओढली जाते. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. हा वायू पृथ्वीची उष्णता अडवतो. तापमान एक अंशाने वाढले की हवेत सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते. तापलेल्या अरबी समुद्रावरून आलेले हे बाष्प सह्याद्रीला अडते आणि थोड्या तासांत कोसळते.

“मग हे कर्ज काढले कोणी?” नातवाने विचारले.

माझी उभी नोकरी कर्जखात्यात गेली. पण या प्रश्नाने मी निरुत्तर झालो. तळियेच्या रहिवाशांनी या खात्यातून फारसे काही उचलले नव्हते. वसुली मात्र त्यांच्या दारी आली. उचल आपल्यासारख्यांची अधिक आहे: मालमोटारी, गोदामे, वातानुकूलित दालने, अखंड वीज.

स्नेह्यांनी आता माल माळ्यावर हलवला आहे. घरी परतल्यावर नातवाने आमच्या दुकानाच्या वहीत डिझेल आणि विजेसाठी एक वेगळे पान उघडले. पहिल्या महिन्याचा आकडा पाहून आम्ही दोघेही गप्प झालो. आपणही तसे एक पान उघडून पाहावे.