एकाची दीक्षा, दोघांचं काम

पाळकपदाची दीक्षा एकाला मिळते. काम मात्र त्या दिवसापासून नवरा-बायको दोघांच्या अंगावर पडतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हे अधिक जाणवतं. मंडळ्या लहान, गावं लांब. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. पाळक पलीकडे अडकला, तर दारी आलेल्या दुःखी माणसाजवळ कोणी बसायचं, हे न विचारताच ठरलेलं असतं. महिलांची सभा, रविवारची शाळा, पाहुण्यांचं जेवण हे सारं पाळकबाईंनी करावं अशी अपेक्षा असते, पण त्या कामाची नेमणूक, पगार, रजा यांतलं काहीच कागदावर नसतं. या घरांवरचा खरा ताण गरिबीचा किंवा त्यागाचा नाही, तो या बिननोंदीच्या कामाचा आहे, असं मला वाटतं.

याची सर्वांत प्रामाणिक साक्ष मराठीत आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो पत्नी लक्ष्मीबाईंना न विचारता. पुढची सुमारे पाच वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विचाराने आणि स्वतःच्या वेळी. १९१७मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला, तेव्हा घर कसं चालवायचं हा प्रश्न पुन्हा लक्ष्मीबाईंच्याच पदरी आला. ‘स्मृतिचित्रे’ हे लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र वाचताना टिळकांबद्दलचं प्रेम कमी होत नाही, आणि त्यातच त्या पुस्तकाचं बळ आहे. नवऱ्यावर जीव असणं आणि त्याच्या निर्णयांचं ओझं सोसणं ही दोन्ही सत्यं लक्ष्मीबाईंनी शेजारी शेजारी ठेवली. चर्चच्या व्यासपीठावरून मात्र बहुधा पहिलंच सांगितलं जातं.

यावर कोणी म्हणेल, लग्न करताना माहीतच होतं ना! पण माणूस लग्नाला होकार देतो, पुढच्या प्रत्येक निर्णयाला नाही. वरोऱ्याचं उदाहरण धर्मसेवेचं नसलं तरी जातकुळी तीच. साधनाताईंचं बाबा आमट्यांशी लग्न झालं १९४६ साली. कुष्ठरोग्यांचं काम त्यानंतरचं. वरोऱ्याजवळच्या आनंदवनाच्या उजाड जमिनीवर त्या गेल्या तेव्हा त्यांची मुलं विकास आणि प्रकाश लहानगी होती. त्या मनापासून गेल्या, हे त्यांचं ‘समिधा’ हे आत्मचरित्र वाचून कळतं. तरीही १९८५चा मॅगसेसे पुरस्कार एकट्या बाबांच्या नावावर आहे. हेमलकशाच्या कामासाठी २००८ साली तोच पुरस्कार डॉ. प्रकाश आणि त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी या दोघांना मिळाला. जागा वेगळी, कष्ट तसेच. पण मंदाकिनीताई तिथे कोणाची सावली म्हणून नव्हत्या, डॉक्टर म्हणून होत्या. काम दोघांचं आहे हे उघड मान्य झालं की कष्ट हलके होत नाहीत, पण मनातली कुढ तरी कमी होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दुर्गम गावातल्या शिक्षकाचं, वनरक्षकाचं घरही सुखाचं नसतं. मग पाळकाचंच काय वेगळं? वेगळं एवढंच की वनरक्षकाच्या बायकोने सभा घ्यावी असं कोणी म्हणत नाही, आणि तिचं दुखणं ती शेजारणीला सांगू शकते. पाळकबाईंची शेजारीण मंडळीतलीच असते. बिशपकडे जावं, तर बदलीचा कागद त्यांच्याच सहीने निघतो. १९६२पासून चांदा धर्मप्रांतात काम करणाऱ्या सिरो-मलबार कॅथलिक फादरांपुढे हा प्रश्न नाही, कारण त्यांना संसारच नाही. ज्या चर्चने विवाहित पाळक स्वीकारला, त्याने मात्र संसारही स्वीकारला आहे. म्हणून दीक्षेच्या आधी पत्नीशी वेगळं बोलणं व्हावं, तिने काम केलं तर त्याचं मानधन मिळावं, नको म्हटलं तर ते निमूट मान्य व्हावं, आणि मन मोकळं करायला धर्मप्रांताबाहेरचं कोणीतरी असावं. निवृत्तीनंतर चर्चचं घर सोडावं लागतं. तेव्हा कुठे राहायचं, याची तजवीज पहिल्या पगारापासूनच सुरू व्हायला हवी.