गाडी कोणी धरलीय?

आमचं घर चिपळूणजवळच्या एका वाडीत, रस्त्याच्या खालच्या अंगाला आहे. रस्त्यावरून अंगणात यायला सिमेंटचा उतार. इंजिनिअरिंगला असताना एकदा मी तो टेपने मोजला होता. सहा फूट चाललं की एक फूट खाली. उताराच्या कडेला जांभ्याचा एक चिरा कायम पडलेला असतो. गाडी उभी केली की तो चाकाखाली लावायचा, हे मी लहानपणापासून बघत आलोय.

अण्णा 31 वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. बराच काळ चिपळूण-कराड, म्हणजे रोजचा कुंभार्ली घाट. मधूनमधून वस्तीची गाडी. रात्री मुक्कामाची गाडी उतारावर उभी करायची वेळ आली, तर हँडब्रेक, गिअर आणि चाकाखाली दगड. तिन्ही. एक आहे म्हणून दुसरं सोडायचं नाही.

मी अठरा वर्षांचा झाल्यावर त्यांनी मला शेजारच्या काकांच्या जीपवर शिकवलं. चढावर गाडी थांबवायला लावायचे आणि विचारायचे, "आत्ता गाडी कोणी धरलीय?"

"ब्रेकने."

"कुठल्या ब्रेकने?"

पाय ब्रेकवरून काढायच्या आधी या प्रश्नाचं उत्तर तयार पाहिजे. उत्तर नसेल तर पाय काढायचा नाही. मला तेव्हा हे फार बोअर व्हायचं.

रिटायर झाल्यावर अण्णांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. क्लच दाबणं बंद. मी पुण्यात नोकरीला लागून चार वर्षं झाली होती, हातात पैसे होते. त्यांच्यासाठी एक छोटी हॅचबॅक घेतली, एएमटी. क्लच नाही, दोनच पेडल. मी स्वतः गाडी घेऊन घरी गेलो आणि त्यांना शिकवायला बसलो.

ड्रायव्हर म्हणून आयुष्य काढलेल्या बापाला गाडी शिकवायची, याची गंमत वाटत होती. थोडा माजही होता. "अण्णा, यात काही विचारच करायचा नाही. डी टाकायचं आणि जायचं. थांबलात की एन. हँडब्रेक ओढायचा, चावी काढायची."

"बंद करताना गिअरात नको ठेवायला?"

"नको हो. ऑटोमॅटिक आहे ही."

"आणि दगड?"

"आता कसला दगड!"

ते गप्प बसले. कॉम्प्युटरवाली गाडी आहे, पोराला कळतं, असं त्यांना वाटलं असणार. खरं तर मी तोपर्यंत मित्राची एकच ऑटोमॅटिक चालवली होती. तिला पी होता. या गाडीत पी दिसला नाही, तेव्हा मी मनानेच ठरवलं की इथे एन चालत असेल. डॅशबोर्डच्या खणात गाडीचं पुस्तक होतं. मी ते उघडलंही नाही.

पुढच्या मे महिन्यात ती गाडी उतारावरून सुटली.

अण्णा चिपळुणातून आले होते. तोंड अंगणाकडे करून गाडी उतारावर उभी केली, एन टाकला, हँडब्रेक ओढला, पिशव्या घेऊन आत गेले. आई अंगणात चटईवर आंबोशी पसरत बसली होती. दूध उतू जातंय असं वाटून ती आत गेली. तेवढ्यात गाडी हलली. चटईवरून गेली आणि घराच्या जोत्याला धडकून थांबली. पुढचा बंपर आणि एक दिवा फुटला. बाकी काही नाही. आई नंतर फोनवर आंबोशी वाया गेली म्हणून हळहळत होती.

अण्णांनी फोन घेतला. आवाज एकदम खाली. "माझ्याकडूनच राहिलं असेल."

मी म्हणालो, "हँडब्रेक पूर्ण ओढला नसेल तुम्ही."

गॅरेजवाल्याने नंतर दाखवलं की हँडब्रेकची केबल सैल झाली होती. पण तोवर अण्णांचं ठरलं होतं. चावी देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, आता वय झालं. घाटात इतकी वर्षं बस चालवलेला माणूस बाजाराला रिक्षाने जायला लागला.

त्याच वर्षी गणपतीला मी माझी गाडी घेऊन गेलो. मी एक जुनी सेदान घेतली होती, हिला पी असलेला नेहमीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पुण्यात सोसायटीचं पार्किंग सपाट. पी टाकायचा, इंजिन बंद, उतरायचं. हँडब्रेक मी महिनोन् महिने ओढत नव्हतो. इथेही तसंच केलं. पी टाकून पाय काढल्यावर गाडी चार बोटं पुढे सरकली आणि धक्का देऊन थांबली. मी लक्ष दिलं नाही.

सकाळी निघताना लिव्हर पीमधून निघेना. जोर लावला, तेव्हा आतून "ठक्!" असा आवाज आला. पडवीतून अण्णांनी विचारलं, "काय मोडलं रे?"

"काही नाही. पी होता, लॉक होतं."

"कशाने लॉक होतं?"

मला सांगता येईना. इंजिनिअर मी, गाडी माझी, पण ती रात्रभर त्या उतारावर कोणी धरली होती ते मला माहीत नव्हतं.

रात्री आरत्या झाल्यावर मोबाईल घेऊन बसलो. पी म्हणजे ब्रेक नव्हेच. गिअरबॉक्समधून चाकांकडे शक्ती नेणाऱ्या भागावर एक दातेरी चाक असतं. पी टाकला की लोखंडाचा एक लहानसा अडसर त्याच्या दोन दातांच्या मधल्या खाचेत पडतो. त्याला पार्किंग पॉल म्हणतात. तो नेमका दातावर आला तर गाडी जराशी सरकेपर्यंत खाचेत बसत नाही. ती चार बोटं म्हणजे हेच. आणि तो अडवतो फक्त चालती चाकं. माझ्या गाडीत पुढची दोन. हँडब्रेक मागची दोन धरतो.

मग आमच्या उताराचं गणित केलं. 1200 किलोची गाडी, सहाला एक उतार. म्हणजे उताराच्या दिशेने साधारण 200 किलोंचा जोर. तांदळाची पन्नास-पन्नास किलोंची चार पोती रात्रभर त्या अडसरावर टेकून होती. सकाळी मी तो त्या ओझ्याखालून उपटला. ठक्.

तुमच्याकडे पी असलेली गाडी असेल, तर उतारावर क्रम असा. पायाचा ब्रेक दाबलेला ठेवायचा. एन टाकायचा. हँडब्रेक ओढायचा. मग पाय हळूच सैल करायचा, गाडी किंचित सरकून हँडब्रेकवर बसते. ती बसली की पुन्हा ब्रेक दाबून पी. निघताना उलट. ब्रेक दाबून आधी पीमधून बाहेर, मग हँडब्रेक सोडायचा. वजन हँडब्रेकने घ्यायचं. पी हा दुसरा राखणदार.

वाचत वाचत बरंच पुढे गेलो. अमेरिकेत 1980 साली फोर्ड आणि तिथलं सरकार यांच्यात एक तडजोड झाली होती. पीमध्ये ठेवल्यासारख्या वाटणाऱ्या गाड्या रिव्हर्समध्ये सरकल्याच्या तक्रारी होत्या. तोडगा काय, तर सुमारे 2 कोटी 30 लाख गाड्यांसाठी इशाऱ्याचे स्टिकर. आमच्या भाषेत सांगायचं, तर बग तसाच ठेवून डॉक्युमेंटेशन सुधारलं. मग 2016. स्टार ट्रेकमधला अभिनेता अँटन येल्चिन त्याच्या लॉस एंजेलिसच्या घराच्या उतारावर स्वतःच्याच जीप ग्रँड चेरोकीने दाबला जाऊन गेला. वय 27, जवळपास माझंच. त्या गाडीचा गिअर लिव्हर कुठेही ढकलला तरी परत मधोमध यायचा. पी पडलाय की नाही, हे हाताला कळायचं नाही, अक्षर बघावं लागायचं. कंपनीने त्याच्या मृत्यूच्या दोन महिने आधीच अशा सुमारे 11 लाख गाड्या परत बोलवायचं जाहीर केलं होतं. नंतरची दुरुस्ती होती सॉफ्टवेअरची. चालक पट्टा काढून दार उघडतोय असं दिसलं की गाडीने आपणहून पी टाकायचा.

हे वाचून झालं तेव्हा साडेबारा वाजले असतील. मी उठलो आणि अण्णांच्या गाडीतून ते पुस्तक काढून आणलं.

तिथे स्वच्छ लिहिलं होतं. एएमटी म्हणजे आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच आहे, फक्त तो पायाऐवजी यंत्र दाबतं. या गाडीला पी नाही. म्हणून उभी करताना ती गिअरमध्ये ठेवून बंद करायची, हँडब्रेक ओढून. बंद इंजिन गिअरमधून चाकांना धरतं. एनमध्ये ठेवली, तर गाडीला फक्त हँडब्रेकचा आधार.

म्हणजे "गिअरात नको ठेवायला?" हा अण्णांचा प्रश्न बरोबर होता. "दगड?" हाही बरोबर होता. तीन राखणदारांपैकी दोन मी काढून टाकले होते. तिसऱ्याची केबल सैल होती. आणि फोनवर मी म्हणालो होतो, पूर्ण ओढला नसेल तुम्ही.

ऑफिसात काही मोठं बंद पडलं की आम्ही नंतर रिपोर्ट लिहितो. त्यात "अमुक माणसाची चूक" एवढं लिहून चालत नाही. त्याला तसं करायला कोणी सांगितलं, त्याच्यासमोर काय माहिती होती, हे लिहावं लागतं. मी असे बरेच रिपोर्ट लिहिलेत, ज्युनियर मुलांना शिकवलेतही. घरच्या रिपोर्टात मी एका ओळीत बापाचं नाव लिहून मोकळा झालो होतो.

वाईट भाग हा, की दुसऱ्या दिवशीही मी काही बोललो नाही. सणाचे दिवस आहेत, पाहुणे आहेत, अशी कारणं मिळाली. विसर्जन करून पुण्याला परतलो. पुढचे दोन महिने फोनवर आई सांगायची, हे आज रिक्षाने गेले, रिक्षावाल्याने ऐंशी घेतले. मी "हं" म्हणायचो. तेवढ्यात मी तिथे घेतलेल्या नवीन मुलाला प्रॉडक्शनवर चुकीची कमांड चालवल्याबद्दल "तुझी चूक नाही" म्हणून समजावलं.

दिवाळीत सांगितलं. अभ्यंगस्नानानंतर अण्णा पडवीत चहा घेत होते. मी पुस्तक उघडून त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हणालो, "गाडी तुमच्यामुळे नाही सुटली. मी चुकीचं शिकवलं होतं."

त्यांनी चष्मा लावून ते पान वाचलं. मग म्हणाले, "विचारलं होतं मी तुला."

"हो."

"मला वाटलं, नवीन गाडी, तुला ठाऊक असेल."

रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पुस्तक मिटून त्यांनी बाजूला ठेवलं आणि दुपारपर्यंत माझ्याशी फारसं बोलले नाहीत.

चार वाजता खिळ्यावरची चावी काढून म्हणाले, "चल." केबल आधीच दुरुस्त झाली होती. रस्त्यावर एक फेरी मारून उतारावर आलो. तोंड अंगणाकडे. त्यांनी ब्रेक दाबून एन टाकला, हँडब्रेक ओढला, मोठ्याने कट मोजले. मग पाय इतका सावकाश उचलला की मला कळलंही नाही. गाडी बोटभर पुढे झुकली आणि थांबली. ते तसेच बसून राहिले, हात मांडीवर, नजर समोरच्या जोत्यावर. तिथे बंपरचा ओरखडा अजून आहे.

"धरलीन," ते म्हणाले.

मग ब्रेक दाबून आर टाकला, कारण तोंड उताराकडे होतं, आणि चावी काढली. मी उतरून चिरा आणायला गेलो. लहानपणी वाटायचा त्यापेक्षा तो बराच जड आहे.