पुसदच्या रानातील रात्रीचे पाहुणे

यवतमाळ जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस, पूस नदीच्या काठी वसलेले पुसद कापसाच्या व्यापारामुळे आणि जवळच्या गहुली या वसंतराव नाईकांच्या जन्मगावामुळे सर्वपरिचित आहे. शहर ओलांडताच सागवानाची टेकाडे लागतात. पावसाळ्यात, विशेषतः अमावास्येच्या आसपास, तेथील काळोखात पतंगांचे जग जागे होते. भारतात पतंगांच्या दहा हजारांहून अधिक जाती आहेत. फुलपाखरांच्या दीड हजारही नाहीत.

त्यांचे छायाचित्रण साध्या साधनांनी होते. दोन काठ्यांना पांढरी चादर बांधून तिच्यापुढे दिवा लावतात आणि शांतपणे वाट पाहतात. मॅक्रो भिंगातून अगदी जवळून पाहिले, की पंखांवरची धूळ ही कौलांप्रमाणे एकावर एक रचलेल्या खवल्यांची नक्षी ठरते. मात्र इतक्या जवळून जेमतेम एक-दोन मिलिमीटर खोलीचाच भाग स्पष्ट येतो. म्हणून कॅमेरा पंखांना समांतर धरतात आणि फ्लॅशचा प्रकाश पातळ कागदाने मवाळ करतात.

या निरीक्षणाला व्यवहाराचीही बाजू आहे. पावसाळा सरता सरता सागाच्या पानांची जाळी करणारी अळी एका चिमुकल्या पतंगाचीच संतती असते. कपाशीची गुलाबी बोंडअळीही एका करड्या-तपकिरी पतंगाची; तो लांबीला एक सेंटिमीटरही भरत नाही. २०१७ मध्ये तिने विदर्भाचा कापूस पोखरला आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. कामगंध सापळ्यात अडकलेला पतंग नेमका कोणता, हे ओळखता आले तर फवारणीची वेळ साधता येते आणि अनाठायी फवारणी टळते. स्पष्ट छायाचित्र या ओळखीला हातभार लावते.

पूर्वीचे अभ्यासक पतंग विषारी वायूच्या बरणीत मारून टाचणीला टोचत. अनेक सूक्ष्म जातींच्या निश्चितीसाठी आजही नमुना लागतो. पण पुष्कळशी नोंद आता जीव न घेता होते. तरीही दिव्याचे भान हवे. प्रकाशाने पतंग भरकटतात, थकतात आणि पहाटे चादरीवर बसलेले पक्ष्यांच्या तोंडी सापडतात. म्हणून जाणकार काही तासांनी दिवा मालवतात आणि चादर झटकण्याऐवजी बसलेले जीव अलगद झुडपांवर सोडतात. दिव्यावर झेपावणाऱ्या जीवांच्या काळजीने सूर्यास्तापूर्वी भोजन उरकणाऱ्या घरांना ही शिस्त निराळी समजावून सांगावी लागणार नाही.