एकास सातशे

मराठीत ‘बोट’ हा शब्द मोठा मजेचा आहे. ते बोट हाताला असते आणि ती बोट पाण्यावर. लिंग तेवढे बदलते. ही कोटी आम्हांला बालपणापासून ठाऊक होती, पण ती अंगी लागली गेल्या पावसाळ्यात. चार महिने आम्ही उभयता वीस बोटांनी एक बोट बांधत होतो. आमच्या माळव्याला समुद्र नाही. इथल्या जुन्या मराठी घरांना बोट ठाऊक आहे ती कोकणातल्या आप्तांच्या बोलण्यातून : अमक्याला बोट लागली, तमक्याची बोट चुकली. त्या बोलण्यात एक नाव नेहमी आवाज उतरवून घेतले जाई, ते ‘रामदास’ बोटीचे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट वाटेत उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. आम्ही बांधली ती मात्र ‘टायटॅनिक’. त्यामागे काही विचार होता असे नाही. नातवाने पाठवलेल्या खोक्यात तीच निघाली.

खोक्यावर छापले होते १:७००. मूळ बोट २६९ मीटर लांब होती, म्हणजे आमची अडतीस सेंटिमीटरांची. जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात मावणारी. प्रमाणाची ही शिस्त आम्हांला सर्वस्वी नवी होती. आपल्या घरांतून दिवाळीला किल्ले होतात, त्यांत प्रमाण हा प्रकार नसतो. मावळा दरवाजाहून उंच, वाघ बुरुजाएवढा, आणि सिंहासनावरील महाराज तर अख्ख्या गडाहून मोठे. आणि त्यात कोणाला काही खटकत नाही, कारण तिथे ज्याचे माहात्म्य मोठे त्याचा आकार मोठा. एकास सातशेच्या राज्यात माहात्म्याला जागा नाही. तिथे कप्तान आणि कोळसा ओढणारा दोघेही अडीच मिलिमीटरांचे, तांदळाच्या कणीएवढे.

या गणिताचा नाद लागला की सुटत नाही. लांबी सातशे पटींनी घटते, पण वजन सातशेच्या घनाने, म्हणजे चौतीस कोटी तीस लाख पटींनी घटते. भर समुद्रात ‘टायटॅनिक’ने सुमारे बावन्न हजार टन पाणी बाजूला सारले असते; त्याला या आकड्याने भागले की उरतात जेमतेम दीडशे ग्रॅम. एका मोठ्या पेरूचे वजन. उलट, रंगाचा हात मात्र लहान होत नाही. ब्रशाने दिलेला दशांश मिलिमीटर जाडीचा थर मूळ बोटीवर सात सेंटिमीटर जाडीचा लेप ठरेल. म्हणून रंग पातळ करून, दोन-तीन हातांत, प्रत्येक हात पुरता वाळू देऊन द्यावा लागतो. पावसाळ्यात तो वाळतही नाही. मूळ बोटीत तीस लाखांच्या आसपास रिव्हेट होते. आमच्या बोटीवर त्यांतला एकही नाही, कारण या प्रमाणात तो डोळ्याला दिसणारच नाही. लहान करणे म्हणजे काय काय सोडायचे हे ठरवणे, असे पहिल्या आठवड्यातच कळून चुकले.

कामाची वाटणी आपोआप झाली. आमच्यापैकी एकाच्या उजव्या हाताला गेली दोन वर्षे कंप आहे. दुसऱ्याच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले आहेत. दूरचे लख्ख दिसते, जवळचे चष्म्यावाचून नाही. एकाने भिंगातून पाहून चिमट्याने भाग उचलावा, दुसऱ्याने मनगट टेबलावर टेकवून तो जागी धरावा, गोंद सुकेपर्यंत कोणी बोलू नये. ज्याचा हात कापतो त्याचाच हात टेकल्यावर अधिक स्थिर राहतो, हे आम्हांला कुठल्याही वैद्याने सांगितले नव्हते. शिवाय कशिद्याची सवय असलेल्या बोटांना जे जमते ते चाळीस वर्षे खातेवह्या लिहिलेल्या बोटांना जमत नाही, हेही एकदाचे उघडपणे मान्य झाले.

सर्वांत आनंद दिला तो दोऱ्यांनी. डोलकाठ्यांपासून निघणाऱ्या आणि धुराडी ताणून धरणाऱ्या तारांसाठी शिवणाचा दोरा घेतला तर तो दोरखंडासारखा दिसतो. त्यावर जुना उपाय असा, की ज्या प्लास्टिकच्या चौकटीला सुटे भाग जोडलेले येतात तिची उरलेली काडी मेणबत्तीच्या ज्योतीच्या जरा वर धरायची, मऊ झाली की बाजूला घेऊन दोन्ही हातांनी ओढायची. केसाहून बारीक धागा निघतो. लवकर ओढला तर तुटतो, उशिरा ओढला तर लोंबतो. साखरेचा पाक गोळीबंद होण्याची वेळ ज्या नजरेला कळते, तिलाच ही वेळ कळते.

चार धुराड्यांपैकी चौथे बाकीच्या तिघांसारखे नव्हते. बाष्पकांचा धूर पहिल्या तिघांतून जाई. चौथे मुख्यतः वायुवीजनासाठी होते. त्या काळी चार धुराड्यांची बोट म्हणजे वेगवान आणि भक्कम, असा लोकांचा समज होता. धुराड्यांच्या पिवळट तपकिरी रंगाची नेमकी छटा कोणती, यावर मात्र अजून एकमत नाही. रंगीत छायाचित्र नाही, तेव्हा प्रत्येक जण आपापली छटा हिरिरीने मांडतो. मधल्या पंख्याचेही तसेच. सगळ्या चित्रांत तो चार पात्यांचा असे आणि आमच्या खोक्यातही तसाच होता. पण बोट बांधणाऱ्या कारखान्याच्या जुन्या नोंदवहीत ‘टायटॅनिक’च्या मधल्या पंख्यापुढे तीन पाती नोंदली आहेत. ‘टायटॅनिक’ म्हणून छापली जाणारी कितीतरी छायाचित्रे तिच्या थोरल्या बहिणीची, ‘ऑलिम्पिक’ची असतात, हे त्यातले इंगित. दोघी बेलफास्टला शेजारी शेजारी बांधल्या गेल्या. आम्ही एक पाते कापून उरलेली तीन नव्याने बसवली. आता ती बुडाखाली आहेत, कोणाला दिसत नाहीत, पण आहेत.

इथवर सारे कौतुकाचे होते. मग होड्यांची पाळी आली.

होड्यांची वेगळी चौकट होती. तीस फुटांची होडी या प्रमाणात तेरा मिलिमीटरांची होते, भोपळ्याच्या बीएवढी आणि बरीचशी तशाच आकाराची. ‘टायटॅनिक’वर मोठ्या होड्या चौदा, त्यांहून लहान दोन आणि कापडी बाजूंच्या दुमडत्या चार, अशा एकूण वीस. पासष्ट माणसांच्या चौदा, चाळिसांच्या दोन, सत्तेचाळिसांच्या चार, बेरीज ११७८. बोटीवर माणसे होती सुमारे बावीसशे. हे आकडे आम्ही पूर्वी वाचलेले होते. वाचलेला आकडा आणि चिमट्यात धरलेला आकडा यांत फरक पडतो. रोज संध्याकाळी दोन होड्या, याप्रमाणे आम्ही त्या रंगवल्या, वाळवल्या आणि बोटीच्या उजव्या अंगाला विषम, डाव्या अंगाला सम, अशा क्रमाने बसवल्या. पुढच्या टोकाकडे चार, मागच्या टोकाकडे चार. दुसऱ्या बाजूलाही तसेच. आणि होड्या संपल्या. चौकट रिकामी झाली, डेक मात्र रिकामाच राहिला. पुढच्या चार आणि मागच्या चार यांच्यामध्ये, बोटीच्या ऐन मध्यावर, दोन्ही बाजूंना लांबच लांब मोकळी जागा. आणखी चार बिया तिथे सहज बसल्या असत्या. भिंग बाजूला ठेवून आम्ही ती जागा बोटाने चाचपून पाहिली.

ती पहिल्या वर्गाच्या प्रवाशांची फिरण्याची जागा. नियमाने तिथे होडी असण्याची गरज नव्हती. ब्रिटनच्या व्यापार खात्याचे कोष्टक १८९४ सालचे. त्यात सर्वांत मोठा गट होता ‘दहा हजार टन व त्यापुढे’, आणि त्याला सोळा होड्या पुरेशा होत्या. ‘टायटॅनिक’ ४६,३२८ टनांची. म्हणजे वीस होड्या घेऊन ती नियमाच्या चार पावले पुढेच होती. तिच्या आराखड्यावर प्रारंभी काम केलेले अलेक्झांडर कार्लाइल यांनी अधिक होड्या पेलतील असे लोखंडी बाहू योजले होते, आणि तसे बाहू बसवलेही गेले; होड्या मात्र वाढल्या नाहीत. पुढे चौकशीत कार्लाइल यांनी सांगितले, की मालकांबरोबरच्या लांबलचक बैठकांत होड्यांच्या वाट्याला पाच-दहा मिनिटे आली. आमच्या मते या साऱ्या प्रकरणात हिमनगाहून थंड असे काही असेल तर ती ही पाच-दहा मिनिटे.

तरीही न्याय करायचा तर दुसरी बाजूही सांगायला हवी. होत्या त्या होड्याही भरल्या नाहीत. चाळिसांच्या एका होडीत बारा माणसे गेली. वाचले ते सातशेच्या थोडे वर, म्हणजे साडेचारशेहून अधिक जागा मोकळ्या राहिल्या. शेवटच्या दोन दुमडत्या होड्या सोडायलाही वेळ उरला नाही. त्या पाण्यानेच उचलून नेल्या. धडक बसली १४ एप्रिल १९१२ च्या रात्री अकरा चाळीसला आणि दोन वीसला बोट दिसेनाशी झाली. दोन तास चाळीस मिनिटांत आणखी होड्या कोणी आणि कशा उतरवल्या असत्या, हा प्रश्न आहेच. मोकळी जागा पाहून मनात येणारा संताप या हिशेबाने थोडा शांत होतो. पुरता होत नाही.

डाव्या अंगाच्या पुढच्या गटातली शेवटची होडी आठव्या क्रमांकाची. तिच्या मागे लगेच ती मोकळी जागा सुरू होते. या होडीपाशी इसिडोर आणि आयडा स्ट्राउस हे न्यूयॉर्कचे वृद्ध दांपत्य उभे होते. ते सदुसष्ट वर्षांचे, त्या त्रेसष्ट. वयाकडे पाहून त्यांनाही होडीत घेण्याची तयारी लोकांनी दाखवली. बायका-मुले मागे असताना आपण जाणार नाही, असे ते म्हणाले. मग आयडाबाईही बसल्या नाहीत. आपले उबदार पांघरूण त्यांनी मोलकरणीला दिले, तिला होडीत बसवले आणि स्वतः नवऱ्याजवळ थांबल्या. होडी निम्मीही भरलेली नव्हती. पुढे त्यांचा देह समुद्रात सापडला, आयडाबाईंचा नाही.

ही हकिकत आम्ही दोघांनीही वाचलेली होती. आठवी होडी चिकटवताना मात्र ती कोणी काढली नाही. एकाने चिमटा धरला, दुसऱ्याने मनगट टेकवले. हा गोंद सुकायला काही मिनिटे पुरतात. त्या दिवशी आम्ही बऱ्याच वेळाने हात काढले. रात्री जेवताना आमच्यापैकी एकाने एवढेच विचारले, की तुम्ही बसला असतात का? उत्तर आले, की भाजीत मीठ कमी आहे.

शेवटी माणसांचा प्रश्न उरला. बाजारात या प्रमाणाची माणसेही मिळतात, पितळेच्या पत्र्यातून कोरलेली, शेकड्यांनी. बावीसशे ठेवणे शक्य नव्हते, आणि शे-दीडशे ठेवली तर ती सहलीला निघाल्यासारखी दिसतात. आम्ही दोनच ठेवायची असे ठरवले आणि दोघीही आपल्या भागातल्या निवडल्या. पहिल्या ॲनी फंक. या अमेरिकन मिशनरी बाई मध्य प्रांतात जांजगीरला राहत, आजच्या छत्तीसगडात, आणि तिथे त्यांनी मुलींची शाळा काढली होती. आई आजारी असल्याची तार आली म्हणून त्या मुंबईमार्गे निघाल्या. इंग्लंडहून त्यांची जागा ‘हॅवरफोर्ड’ या दुसऱ्याच बोटीवर होती. कोळसा खाणींच्या संपामुळे ती अडकली आणि बाईंना ‘टायटॅनिक’चे तिकीट मिळाले. १२ एप्रिलला समुद्रावर त्यांना अडतिसावे वर्ष लागले, असे आम्ही प्रथम लिहून ठेवले होते. मोजून पाहता ते पुरे झाले होते. त्या गेल्या. दुसरी रूथ बेकर, गुंटूरला जन्मलेली बारा वर्षांची मुलगी. धाकटा भाऊ आजारी म्हणून आई मुलांना घेऊन मायदेशी चालली होती, वडील गुंटूरलाच होते. आई आणि भावंडे अकराव्या होडीत गेली, होडी भरली म्हणून ही मागे राहिली; तेराव्या होडीत तिला जागा मिळाली. पुढे ती शिक्षिका झाली आणि १९९० पर्यंत जगली.

दोघीही दुसऱ्या वर्गाच्या प्रवासी. होड्यांच्या डेकवर त्या वर्गाची फिरण्याची जागा मागच्या अंगाला होती, नऊ ते सोळा या होड्यांपाशी. तिथेच दोन कण्या उभ्या केल्या आहेत. एकीचा झगा करडा, दुसरीचा निळा. हे रंग आमच्या मनचे. आठव्या होडीजवळ कोणाला ठेवलेले नाही, आणि ते का, याची चर्चाही झालेली नाही.

धूळ बसू नये म्हणून काचेची पेटी करवून घ्यायची आहे. सुताराने माप घेतले तेव्हा, बोट मधोमध ठेवायची की एका अंगाला, असे त्याने विचारले. डावी बाजू भिंतीकडे नको, एवढे त्याला सांगितले आहे.