सपाट वायसरच्या बाजूनं

नासानं 1990 साली नट-बोल्टांवर एक पुस्तिका काढली. लेखक रिचर्ड बॅरेट, क्लीव्हलँडच्या लुईस संशोधन केंद्रातले. कोष्टकं, आलेख, धातूंवरचे मुलामे, सगळं कोरडं ठणठणीत. आणि मध्येच, आवाज जराही न चढवता, ते स्प्रिंग वायसरची अब्रू काढून मोकळे होतात. बोल्ट आवळताना तो स्प्रिंगसारखा वागतो खरा. पण पूर्ण आवळला की दबून सपाट होतो, आणि मग साध्या चकतीहून वेगळा उरत नाही. नट धरून ठेवण्याची त्याची ताकद शून्य.

हे कुठल्याही गॅरेजात वाचून दाखवावं आणि मजा बघावी. आधी प्लेन, वर स्प्रिंग, मग नट, हा तिथला पहिला धडा. नव्या पोऱ्याला पान्ह्यांचे नंबर कळायच्या आधी हा क्रम कळतो.

नट सैल का होतो, याचं उत्तर त्याआधीच, 1969 साली, गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं दिलं होतं. दोष मुख्यतः आडव्या हादऱ्यांचा. जोडलेले दोन भाग एकमेकांवरून बाजूला सरकू लागले की आट्यांमधलं घर्षण हरतं आणि नट आपणहून उलटा फिरायला लागतो. उपाय म्हणजे बोल्ट इतका ताणून आवळायचा की सरकायला वावच उरू नये. इथे बिचारा प्लेन वायसर कामाला येतो. नटाखालची जागा मऊ असेल तर ती दबते, आणि ती दबली की बोल्टातला ताण गेला. रुंद चकती तो भार पसरून देते. एवढंच तिचं काम, आणि ते ती कुठलाही आव न आणता करते.

बाकीच्यांचीही आपापली कामं आहेत. दातेरी स्टार वायसर रंगाचा थर खरवडून धातूला भिडतो, म्हणून अर्थिंगच्या जोडाला तोच हवा. डिझेलच्या नळीच्या जोडावर तांब्याचा वायसर बसतो. तो वापरून कडक झाला की जुने मेकॅनिक त्याला लालबुंद तापवून पुन्हा मऊ करतात. फेकून नवा घेण्यापेक्षा ही रीत अधिक देखणी वाटते.

पण वायसरची खरी परीक्षा छपरावर. कोकणात पावसाच्या तोंडावर पत्रे ठोकायला माणूस वर चढतो तेव्हा भोक लाटेच्या माथ्यावर पाडतो, कारण पन्हळीतून पाणी वाहतं. जे-हुक घालायचा, त्यावर डांबरी वायसर, त्यावर टोपीसारखा पत्र्याचा वायसर, वर नट. आता त्या जागी रबरी वायसरचे स्क्रू आलेत. यंत्रानं ते जास्त आवळले की रबर चेपून बाहेर येतं आणि छप्पर पहिल्याच सरीला गळतं.

गळणं परवडलं. 1974 साली, नाताळच्या पहाटे, ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला डार्विन शहरावर ट्रेसी चक्रीवादळ आलं. विमानतळावरच्या यंत्रानं ताशी 217 किलोमीटरचा झोत नोंदवला आणि ते बंद पडलं. उजाडलं तेव्हा बहुतेक घरं राहण्याजोगी उरली नव्हती. 66 माणसं गेली, आणि तीस हजारांहून अधिक लोकांना शहराबाहेर हलवावं लागलं. जॉर्ज वॉकर आणि इतर अभियंत्यांनी पडझड तपासली, तेव्हा छपरांची कथा उलगडली. पत्रा पातळ, पण कडक पोलादाचा. वारा एकदाच ढकलून थांबत नाही; तो पत्रा उचलतो, सोडतो, पुन्हा उचलतो. दर वेळी स्क्रूच्या डोक्याभोवती पत्रा वाकतो, तिथे बारीक चिरा पडतात, चिरा वाढतात, आणि शेवटी अख्खा पत्रा डोक्यावरून सुटून जातो. स्क्रू जागच्या जागी आणि छप्पर गायब! छप्पर गेलं की भिंतींचाही आधार गेला. आधीच्या चाचण्यांत भार हळूहळू वाढवून पत्रा किती झेलतो एवढंच बघत. तशा चाचणीत हे कळणार कसं?

पुढे डार्विनसाठी नवा नियम आला: छपराच्या नमुन्यावर भार एकदा नव्हे, 10,000 वेळा द्यायचा आणि काढायचा. स्क्रूखाली लाटेच्या माथ्यावर घट्ट बसणारे मोठे, त्याच घाटाचे वायसर आले. तिकडे त्यांना सायक्लोन वायसरच म्हणतात. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि रायगडात घरोघरचे पत्रे उडाले. त्यानंतरच्या छपरांवर असा एखादा रुंद वायसर चढला असता तर बरं झालं असतं, असं म्हणायला हरकत नसावी.

सगळ्यांत मोठे वायसर मात्र घराच्या भिंतींवर दिसतात. अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहराला 31 ऑगस्ट 1886 च्या रात्री भूकंपानं हादरवलं. त्यानंतर विटांच्या घरांतून आरपार लोखंडी सळया घातल्या गेल्या आणि बाहेरच्या टोकांना ताटलीएवढ्या ओतीव चकत्या लावून नट आवळले. सपाट चकतीचंच काम, फक्त भिंतीच्या मापाचं. त्यांचा खरा उपयोग किती, यावर अभियंते साशंक आहेत, कारण तसा मोठा भूकंप तिथे पुन्हा झालेलाच नाही. घरमालकांनी मात्र वाट न बघता काही चकत्यांवर सिंहाची तोंडं बसवून घेतली.