मरुभूमीचे पाणी

वाळवंट म्हणजे निर्जन व उजाड प्रदेश, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. थरची मरुभूमी प्रत्यक्ष पाहिल्यावर ही समजूत टिकत नाही. सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर पसरलेली ही भूमी जगातील अत्यंत दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक आहे. तिचा मोठा भाग राजस्थानात असून पश्चिमेकडे ती पाकिस्तानात शिरते.

प्रवाशाने येथे हिवाळ्यात जावे. रावळ जैसलने ११५६ साली वसविलेल्या जैसलमेरचा पिवळ्या दगडाचा किल्ला मावळत्या उन्हात सोन्यासारखा झळकतो, आणि त्याच्या तटांच्या आत आजही संसार चालू आहेत. पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरवर सम येथे वाळूच्या टेकड्या दिसतात. मांगणियार गायक येथलेच. ते स्वतः मुसलमान. परंतु हिंदू यजमानांच्या घरी जन्म-विवाहाच्या प्रसंगी गाण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या त्यांचाच आहे.

परंतु मला सर्वांत अधिक मोहविले ते तेथील माणसांच्या पाणी राखण्याच्या रीतीने. वर्षाकाठी पाऊस २०० मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. भूगर्भातील पाणी बहुतेक ठिकाणी खारट. काही भागांत मात्र वाळूखाली खडूसारख्या दगडाचा थर असतो. पावसाचे पाणी त्यावर अडते व ओलाव्याच्या रूपाने टिकून राहते. तेथे अरुंद ‘कुई’ खणतात. वाळूतून थेंब थेंब पाझरून तिच्यात दिवसभरात थोडेसेच गोडे पाणी जमते. सखल जमिनीवर बांध घालून पाऊस अडवितात, आणि ते पाणी मुरल्यावर त्याच ओलीवर गहू-हरभरा पिकवितात. त्या शेताला ‘खडीन’ म्हणतात. पंजाबातील हरिके येथून निघालेला इंदिरा गांधी कालवा आता या प्रदेशात पोहोचला आहे. तरी पाणी जपण्याची जुनी शिस्त लोकांच्या अंगी मुरलेली आहे. तूप सांडले तर काही गेले नाही, पाणी सांडले तर जीव जळतो, अशा अर्थाची म्हणच तेथे आहे.

एका ढाणीवर आम्ही गेलो असता घरच्या वृद्ध माउलीने नावगाव विचारण्यापूर्वीच पाण्याचा लोटा पुढे केला. तिची सून ते पाणी डोक्यावर वाहून आणीत असे, हे आम्हांस मागाहून कळले. त्याच रात्री प्रवाशांच्या तंबूंत नळ मोकळे सुटलेले पाहिले, तेव्हा मन खिन्न झाले. तेथील पाणीही टँकरनेच येत होते.

प्रभू येशूने अरण्यात चाळीस दिवस उपवास केला, ही कथा आपण दरवर्षी उपवासकाळात ऐकतो. आपला उपवास चाळीस दिवसांनी सुटतो. त्या माउलीच्या घरी मात्र मोजून वापरणे हाच बारमाही नेम आहे. आणि तरीही तिचा पहिला लोटा परक्याचा! वाचकहो, मरुभूमी पाहावयास अवश्य जा. पण पाहुण्यासारखे जा. तहानेपुरते पाणी घ्या, आणि लोटा परत देताना त्यात उरलेले पाणी वाळूत ओतू नका.